कार्यालयाच्या उंबरठ्यावर थांबणारी काटकसर

(कर्मचाऱ्यांच्या एका मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मराठी मध्यमवर्गीय घराला काटकसर शिकविण्याची आवश्यकता कधी भासली नाही. दुधाच्या पिशव्या धुऊन-वाळवून रद्दीवाल्यासाठी ठेवणे, वर्ष संपल्यावर जुन्या वह्यांतील कोरी पाने काढून त्यांची नवी वही शिवणे, विटलेल्या लुगड्यांची गोधडी करणे, तांदूळ धुतलेले पाणी कढीपत्त्याच्या रोपाला घालणे, खोलीतून बाहेर पडताना दिव्याच्या बटणाकडे हात आपोआप जाणे, या गोष्टींना त्या घरांत कोणी ‘पर्यावरणरक्षण’ असे भारदस्त नाव दिले नव्हते. ती घराची रीत होती. वस्तूचा जीव संपेपर्यंत ती वापरावी आणि अन्नाचा, पाण्याचा, उजेडाचा अपमान करू नये, एवढेच त्या रीतीमागचे तत्त्वज्ञान होते.

आता त्याच घरातील नोकरदार माणूस सकाळी कार्यालयात पोहोचल्यावर काय घडते, ते पाहावे. घरी मुलाने पंखा चालू ठेवला म्हणून त्याला हाक मारून परत बोलावणारे गृहस्थ कार्यालयात जेवणाच्या सुटीत पंखा, दिवा, संगणक सारे तसेच ठेवून डबा खायला निघून जातात. वाणसामानाची यादी जुन्या पाकिटाच्या पाठीवर लिहिणाऱ्या भगिनी कार्यालयात दोन ओळींच्या टिपणासाठी कोरा कागद छापून घेतात आणि एक अक्षर चुकले की दुसरा. घरचा नळ ठिबकू लागला की त्याच दिवशी नळदुरुस्ती करणाऱ्याला बोलावले जाते. कार्यालयातील नळ मात्र सहा महिने ठिबकत असतो आणि शेजारून दिवसातून पन्नास माणसे हात धुऊन जातात.

माणूस तोच, संस्कारही तेच. मग काटकसर कार्यालयाच्या उंबरठ्याबाहेर का थांबते?

कोणाचेच नसलेले वीजबिल

यात त्या माणसाच्या चारित्र्याचा दोष शोधण्याचे कारण नाही. घरात खर्च करणारा आणि बिल भरणारा एकच असतो. महिन्याचे वीजबिल हाती पडते, मागील महिन्याशी त्याची तुलना होते, त्यावर चर्चा झडते आणि त्या चर्चेतून सवय घडते. कार्यालयात वीज वापरणारा एक, बिल भरणारा दुसरा आणि ते मंजूर करणारा तिसरा असतो. मीटर कोठे आहे, हे पाच-पन्नास कर्मचाऱ्यांपैकी एखाद्यालाच ठाऊक असते. जे कोणालाच दिसत नाही त्याची काळजी कोणीच घेत नाही. सर्वांचे म्हणून जे असते ते पाहता पाहता कोणाचेच राहत नाही.

या अदृश्यतेची किंमत साध्या अंकगणिताने मांडता येते. चाळीस पंख्यांचे एक मध्यम कार्यालय घ्यावे. छताचा जुना पंखा साधारणतः ७५ वॅट वीज घेतो. जेवणाच्या एका तासात हे चाळीस पंखे रिकाम्या खुर्च्यांना वारा घालत राहिले, तर दिवसाला तीन युनिट आणि कामाचे अडीचशे दिवस धरले तर वर्षाला ७५० युनिट वीज खर्ची पडते. भारतातील विद्युत जाळ्यातून येणाऱ्या प्रत्येक युनिटमागे साधारणतः ०.७ किलो कर्बवायू हवेत जातो. म्हणजे एका कार्यालयाच्या केवळ जेवणाच्या सुटीतील निष्काळजीपणाचा हिशेब वर्षाला सव्वापाचशे किलो कर्बवायू इतका होतो.

कागदाचेही तसेच. पन्नास कर्मचाऱ्यांनी दिवसाकाठी प्रत्येकी दहा पाने छापली, तर वर्षाला सव्वा लाख कागद, म्हणजे अडीचशे रीम लागतात. नेहमीच्या वापरातील ‘ए-फोर’ आकाराच्या एका रीमचे वजन सुमारे दोन किलो तीनशे ग्रॅम असते. अशा रीतीने पावणेसहाशे किलोंहून अधिक कागद एका मजल्यावरून रद्दीकडे वाहतो आणि त्यातील बहुतेकांची पाठ कोरी असते. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ, थेंब पाव मिलिलिटरचा धरला तर, दिवसाला एकवीस लिटरांहून अधिक आणि वर्षाला जवळजवळ आठ हजार लिटर पाणी गटारात सोडतो.

हे आकडे एका कार्यालयाचे आहेत आणि ते छोटेच आहेत. परंतु अशी कार्यालये राज्यात किती असतील, याचा विचार प्रत्येकाने मनाशी करून पाहावा.

बटणाच्या पलीकडचा महाराष्ट्र

कार्यालयातील बटण दाबले की उजेड पडतो, आणि त्या बटणाच्या पलीकडे काय आहे हे नजरेआड राहते. भारतात निर्माण होणाऱ्या विजेचा निम्म्याहून अधिक भाग आजही कोळशापासून येतो. चंद्रपूरचे महाऔष्णिक विद्युत केंद्र २९२० मेगावॉट क्षमतेचे आहे. तेथील राख, तेथील धूर आणि तेथील उन्हाळा यांच्याशी मुंबई-पुण्यातील वातानुकूलित दालनाचे नाते आहे. ते तारेतून येते म्हणून दिसत नाही, इतकेच.

औष्णिक केंद्राला कोळशाइतकेच पाणीही लागते. २०१३ साली मराठवाड्यातील दुष्काळात परळीचे औष्णिक विद्युत केंद्र पाण्याअभावी बंद ठेवण्याची वेळ आली होती. त्यानंतर तीनच वर्षांनी, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून तीनशे किलोमीटरहून अधिक अंतर कापून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी न्यावे लागले. ज्या राज्याने रेल्वेच्या टाक्यांतून पाणी वाहून नेलेले पाहिले, त्या राज्यातील कार्यालयाचा नळ आणि त्या कार्यालयाचा विनाकारण जळणारा दिवा या दोन निरनिराळ्या गोष्टी राहत नाहीत. वीज वाचविणे म्हणजे कोठेतरी पाणीही वाचविणे होय.

चिपळूणच्या छावणीला लिहिलेले पत्र

कर्मचाऱ्यांना साधनांच्या जपणुकीची सवय कशी लावावी, याचा वस्तुपाठ पाश्चात्त्य व्यवस्थापनशास्त्राच्या ग्रंथांतच शोधावा लागतो असे नाही. शिवराज्याभिषेकाच्या सुमाराचे, चिपळूणनजीकच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना शिवछत्रपतींनी धाडलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला उपद्रव न देण्याची त्यातील ताकीद पुष्कळांना ठाऊक असते. परंतु तेच पत्र कर्मचारी-व्यवस्थापनाच्या दृष्टीने वाचले तर त्याचे वेगळेच तेज जाणवते.

पागेसाठी दाणा, वैरण यांचा साठा पावसाळ्यासाठी केलेला आहे. तो आताच मनास येईल तसा उधळला, तर ऐन पावसात काही उरणार नाही आणि घोडी उपाशी मरतील, असे त्यात बजावले आहे. साठा संपला की लोक रयतेकडे हात पसरतील आणि मग रयतेला परचक्रापेक्षाही स्वकीयांचा जाच अधिक वाटेल, हा पुढचा परिणामही सांगितला आहे. आणि त्याहून सूक्ष्म गोष्ट म्हणजे रात्री दिवा तसाच जळत ठेवू नये, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, ही सूचना! राज्याभिषेकाच्या धामधुमीतील राजा छावणीतील एका दिव्याच्या वातीपर्यंत विचार करतो, हे आश्चर्यकारक आहे.

या पत्रात नुसता हुकूम नाही, कारणमीमांसा आहे. हे कराल तर असे होईल आणि त्याची झळ अमक्याला पोहोचेल, अशी साखळी त्यात सांगितली आहे. सूचनाफलकावरील ‘विजेचा अपव्यय टाळा’ या तीन शब्दांत ही साखळी नसते. म्हणूनच तो फलक महिनाभरात भिंतीचाच एक भाग होऊन जातो.

पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याचे विवेचन आहे. आंबा, फणस ही झाडे कामाची असली तरी त्यांना हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत वाढत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण होऊन निरुपयोगी झाले असेल, तर धन्याला राजी करून आणि मोबदला देऊनच ते तोडावे, असे त्यात सांगितले आहे. राज्याच्या नोकराने निसर्गाशी कसे वागावे, याची ही सेवानियमावलीच होय. पर्यावरणाचा विचार कार्यालयीन शिस्तीचा भाग असणे ही नवी आणि परकी कल्पना आहे, असे समजण्याचे कारण उरत नाही.

उपदेश आणि व्यवस्था

तथापि, कारण समजले म्हणजे सवय लागलीच, असेही होत नाही. स्वीडनमधील एका मोठ्या विद्यापीठात झालेला आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात उद्बोधक आहे. तेथे कर्मचाऱ्यांना कागद वाचविण्याचे नैतिक आवाहन करून पाहिले, त्याचा परिणाम दिसला नाही. छपाई यंत्रांची मूळ मांडणीच दोन्ही बाजूंनी छापण्याची करून ठेवली, तेव्हा कागदाचा वापर सुमारे पंधरा टक्क्यांनी घटला आणि ती घट टिकली. कोणाला एका बाजूने छापण्याची मनाई नव्हती. फक्त त्यासाठी मांडणी स्वतः बदलावी लागत होती.

भारतातही हाच विचार वातानुकूलन यंत्रांच्या बाबतीत अमलात आला. ऊर्जा कार्यक्षमता विभागाच्या म्हणण्यानुसार, तापमान एका अंशाने वाढवून ठेवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून खोलीसाठीची नवी यंत्रे सुरू केल्यावर आपोआप २४ अंशांवर येतील, असे बंधन घालण्यात आले. बाहेर एप्रिलचे ऊन असताना आत १८ अंश ठेवून स्वेटर घालून बसण्याचा प्रकार ज्या कार्यालयांत चालतो, तेथे प्रश्न सुखसोयीचा राहिलेला नसतो. तो फक्त सवयीचा झालेला असतो.

म्हणून सवय लावू इच्छिणाऱ्याने आधी मांडणीकडे पाहावे. छपाई यंत्र मुळातच दोन्ही बाजूंनी छापणारे करून ठेवावे आणि शेजारी पाठकोऱ्या कागदांचा खण असावा. ज्या दहा दिव्यांची बटणे एकाच ठिकाणी दाटीने लावली आहेत, त्यांवर कोणते बटण कोणत्या खिडकीजवळचे हे लिहून ठेवावे. एका माणसासाठी सारा मजला उजळण्याचे मुख्य कारण पुष्कळदा एवढेच असते. संगणकाच्या पडद्यावर फिरणारी चित्रे वीज वाचवीत नाहीत. दहा मिनिटांनी पडदा आपोआप बंद होईल अशी योजना करावी. ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याचे बंधन २०१६ च्या नियमांपासून आहे, परंतु प्रत्येकाच्या टेबलाखाली एकच टोपली असेल तर तो वेगळा होणार कसा? टोपल्या काढून घ्याव्यात आणि मजल्यावर सोयीच्या दोन जागी वेगवेगळ्या पेट्या ठेवाव्यात.

चहाच्या पेल्याचेही उदाहरण बोलके आहे. एकदाच वापरून फेकण्याच्या ठरावीक प्लास्टिक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली. त्यानंतर पुष्कळ कार्यालये कागदी पेल्यांकडे वळली आणि निश्चिंत झाली. परंतु कागदी पेल्यालाही आतून प्लास्टिकचा पातळ थर दिलेला असतो. चाळीस माणसांना दिवसातून दोनदा चहा म्हटला, तर वर्षाला वीस हजार पेले होतात. प्रत्येकाचा नाव घातलेला कप आणि धुण्याची नीट सोय केली की ते वाचतात. मात्र ते कप धुण्याचे काम निमूटपणे शिपाईदादांच्या गळ्यात पडणार असेल, तर त्या व्यवस्थेला नैतिक बळ राहत नाही. ज्याचा कप त्याने धुवावा.

आधी केले, मग सांगितले

व्यवस्था लावली तरी तिच्यात प्राण फुंकतो तो वरिष्ठांचा आचार. संत गाडगेबाबा एखाद्या गावी गेले की प्रथम हाती खराटा घेत. दिवसभर गाव झाडून काढल्यावर रात्री कीर्तनाला उभे राहत, आणि मगच त्यांच्या शब्दाला धार येई.

जपानने २००५ साली हेच तत्त्व शासकीय पातळीवर आचरून दाखविले. उन्हाळ्यात कार्यालयांतील तापमान २८ अंशांच्या आसपास ठेवावे, असे आवाहन ‘कूल बिझ’ नावाच्या मोहिमेतून तेथील पर्यावरण मंत्रालयाने केले. अडचण अशी की जपानी नोकरदार कोट आणि टाय यांच्याशिवाय कार्यालयात जाणे असभ्य समजत असे. तेव्हा पंतप्रधान जुनिचिरो कोइझुमी आणि त्यांचे मंत्री स्वतःच टाय न बांधता लोकांसमोर आले. वरिष्ठाच्या गळ्यातील टाय उतरला, तेव्हाच कनिष्ठाला तो उतरविण्याचे धैर्य झाले. साहेबांच्या दालनात १८ अंश आणि बाहेरील सभागृहात काटकसरीचे परिपत्रक, हे दृश्य जेथे दिसते तेथे परिपत्रकाचे काय होते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. भारतीय हवामानात तर कोटाऐवजी सुती सदरा हा उपाय कोणाकडून शिकण्याचीही गरज नाही.

यासोबत कनिष्ठांचे ऐकण्याची तयारीही हवी. कोणता दिवा दिवसभर वायफळ जळतो हे शिपायाला, कोणते रसायन उगाच वाया जाते हे यंत्रावरील कामगाराला आणि किती अन्न उरते हे उपाहारगृहातील आचाऱ्याला नेमके ठाऊक असते. त्यांना कोणी विचारीत नाही, एवढेच. अमेरिकेतील थ्री-एम या कंपनीने १९७५ साली प्रदूषण उगमापाशीच रोखण्याच्या कल्पना कर्मचाऱ्यांकडून मागविणारी योजना सुरू केली आणि ती अनेक दशके चालली, कारण सूचना प्रत्यक्ष काम करणाऱ्यांकडून येत होत्या.

आणि ज्यांचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नसते, तेही या व्यवस्थेचा भाग आहेत. कार्यालयाचा कचरा शेवटी कोणाच्या तरी हातांनी निवडला जातो. पुण्यात १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने या हातांना प्रतिष्ठा मिळवून देण्याचे कार्य केले. उष्ट्या अन्नात बरबटलेला कागद विकला जात नाही. कोरडा कागद विकला जातो. फुटलेली काच वर्तमानपत्रात गुंडाळून ‘काच’ असे लिहून ठेवली, तर एका भगिनीचा हात कापायचा वाचतो. कचरा वेगळा करण्यामागे हा माणुसकीचा धागा आहे, हे कळले की ती सवय ओझे वाटत नाही.

एक रास्त आक्षेप

येथे कोणी विचारील, आणि त्याने विचारावेच, की मोठमोठे उद्योग नद्या नासवीत असताना सामान्य कारकुनाने एक दिवा मालवून काय साधणार? हा आक्षेप टाळण्याजोगा नाही. ज्या थ्री-एमच्या योजनेचा गौरव झाला, त्याच कंपनीला तिने दीर्घकाळ निर्माण केलेल्या, निसर्गात सहजी न विघटित होणाऱ्या रसायनांमुळे २०२३ साली अमेरिकेतील सार्वजनिक पाणीपुरवठा संस्थांशी दहा अब्ज डॉलरांहून अधिक रकमेची तडजोड मान्य करावी लागली. कर्मचाऱ्यांच्या चांगल्या सवयी हे संस्थेच्या मूळ कारभारावरील पांघरूण होऊ शकत नाही, हा त्याचा धडा आहे. जागतिक पर्यावरणदिनी एक रोप, एक छायाचित्र, शेजारी प्लास्टिकच्या बाटल्यांनी सजलेले व्यासपीठ आणि मागे भलामोठा फलक, असा सोहळा करणाऱ्यांनीही तो लक्षात ठेवावा.

परंतु या आक्षेपाला दुसरी बाजू आहे. खरेदीच्या निविदेत यंत्राची केवळ किंमत पाहायची की ते वीज किती खाते हेही पाहायचे, हे एक कारकूनच टिपणात लिहितो. ७५ वॅटच्या पंख्याऐवजी तेवढाच वारा देणारा तीस-पस्तीस वॅटचा पंखा घ्यावा, ही शिफारस एक कनिष्ठ अभियंताच करतो. जुने संगणक भंगारवाल्याला द्यायचे की अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राला, हे भांडारप्रमुख ठरवितो. सांडपाण्याच्या नोंदवहीत खरा आकडा लिहायचा की सोयीचा, हा प्रश्न एका कर्मचाऱ्याच्याच लेखणीसमोर उभा राहतो. ज्याला रोज दिवा मालविण्याची सवय आहे, त्याला त्या नोंदवहीसमोर थोडे तरी थबकावे लागते. लहान सवयीचे मोल तिने वाचविलेल्या युनिटांत आहे, त्याहून अधिक ते अशा निर्णायक क्षणी जागी होणाऱ्या विवेकात आहे.

आरंभ कोठून करावा?

आरंभ एका फळ्यापासून करता येईल. प्रवेशद्वाराशी एक फळा असावा आणि त्यावर दर महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी तीन आकडे लिहावेत: गेल्या महिन्यात किती युनिट वीज लागली, किती रीम कागद लागला, किती पाणी लागले, आणि शेजारी गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचे आकडे. कोणाचे नाव नको, कोणाची निर्भर्त्सना नको. जे अदृश्य होते ते दृश्य झाले, की घरात वीजबिलावर होते तशी चर्चा येथेही सुरू होते. आकडे लिहिण्याची पाळी दरमहा निराळ्या कर्मचाऱ्याकडे, साहेबांसकट, असावी. बचत झालेल्या रकमेतील काही भाग कर्मचाऱ्यांच्याच सोयीसाठी, पिण्याच्या पाण्याच्या चांगल्या व्यवस्थेसाठी किंवा ग्रंथालयासाठी खर्च व्हावा, म्हणजे बचतीचे फळ कोणाला मिळाले हा प्रश्न उरत नाही.

एकाच वेळी दहा संकल्प सोडू नयेत. पहिले तीन महिने फक्त जेवणाच्या सुटीतील दिवे-पंखे, पुढले तीन महिने कागद, मग पेले आणि कचरा, असा क्रम ठेवावा. डबा घरून आणण्याची परंपरा तर या भूमीत आहेच. मुंबईचे डबेवाले सव्वाशेहून अधिक वर्षे धातूचे तेच डबे घरी परत नेऊन पोहोचवीत आले आहेत आणि त्यांच्या व्यवसायाला ‘पुनर्वापर’ हा शब्द कधी शिकावा लागला नाही.

ज्या समाजाच्या प्रत्येक घरात ही रीत पिढ्यान्‌पिढ्या नांदली, त्या समाजाला ती नव्याने निर्माण करावयाची नाही. घरातील गृहिणीने जी दृष्टी जपली, ती कार्यालयात नेऊन तिला तेथे हक्काची जागा द्यावयाची आहे. साहेबाने ती आधी आचरावी, शिपायाला तिच्यात मान असावा आणि फळ्यावरचा आकडा सर्वांना दिसावा. मग जेवणाच्या सुटीची घंटा होताच बटणाकडे जाणारा हात कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहणार नाही.